डब्ब्यांतले शब्द रेणूच्या नावे

माझा एक डब्बा कितीला पडतो, असे लोक नेहमी विचारतात. नखाएवढी चिप, एक रिले, एक ट्रान्सफॉर्मर आणि प्लास्टिकची पेटी, सगळे धरून एका बऱ्या चपलेच्या जोडाएवढा. एवढे मी सांगतो. न सांगितलेला खर्च म्हणजे भैय्यालालची जळालेली मोटर आणि माझ्या घरातला एक बोलका आवाज. मोटर मी बांधून दिली. आवाजाचे काही करता आले नाही, म्हणून हा कागद.

मी, तुलाराम इतवारी दिघोरे, वय त्रेसष्ट, धंदा मोटर वाइंडिंग व डब्बे बनवणे, राहणार अड्याळ, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. कोणी हात धरून लिहवून घेतलेले नाही; घरात हात धरायला माणूसच नाही. डोके ठिकाणावर आहे. कान त्याहून ठिकाणावर आहेत. धानाच्या दोन बांध्यांपलीकडची मोटर पाणी ओढते की हवा, हे मी अजून खाटेवरून सांगतो.

कलम १. वडील तलावात मासे धरत. त्यांच्यामागे मला एक जाळे मिळाले, बाकी सारे स्वकष्टाचे. राहते घर मुलगा राजकुमार व मुलगी रेणू यांना निम्मे-निम्मे, मालकी हक्काने. राजकुमार पुण्यात असतो, तो विकू म्हणेल. विकावे. माझी पत्नी रेवताबाई वारल्यापासून मागच्या दाराची कडी वाऱ्याने वाजते. ती मी मुद्दाम नीट केलेली नाही. घेणाऱ्याने करून घ्यावी.

कलम २. पोस्टातली ठेव दोघांना सारखी. जाळे गावच्या मच्छीमार संस्थेला. ते ऑफिसात टांगू नये, पाण्यात टाकावे.

कलम ३. वाइंडिंगचे मशीन, सोल्डरिंग आयर्न व मल्टिमीटर राजकुमारला. तो कॉम्प्युटरचाच माणूस आहे. मी ज्या भाषेत चिपला शिकवतो ती फोर्थ पाहून म्हणाला होता, "बाबा, हे आता कोणी लिहीत नाही." मी म्हटले, "मी लिहून राहिलो ना." तो हसला, मीही हसलो. त्याच्याबद्दल तक्रार नाही. रविवारी फोन करतो. मागे ताट मांडल्याचा आवाज आला की मीच ठेवतो.

कलम ४. आता डब्बे. अड्याळपासून मोहाडीपर्यंत शेतांवर माझे डब्बे लागले आहेत. लाईन आली की डब्बा मोटर सुरू करतो, विहीर आटली की बंद करतो. बढाई म्हणा, पण आजपर्यंत एकही डब्बा दुरुस्तीला परत आलेला नाही.

त्यातली रीत साधी आहे. चिपला लॅपटॉपची तार लावायची आणि एक शब्द टाइप करायचा. ती तेवढे काम करून 'ओके' म्हणते. लहान शब्दांतून मोठा शब्द बांधायचा, तो तिच्या कोशात बसतो. शेवटी पक्का करायचा, नाहीतर लाईन गेली की शिकवलेले सगळे जाते. शब्दांना मी आपल्या बोलीतली नावे दिली. 'कोरडी' विचारतो, पाणी संपले का. 'थांब' मोटर बंद करतो. 'राखन' दिवसभर या दोघांना हाका मारत बसतो.

रेणू लग्नाआधी माझ्याजवळ बसून हे शिकली, आणि वरठीला सासरी गेल्यावरही येऊन करत असे. गावातले शेतकरी भैय्यालाल यांनी नवी मोटर आणली, तिचा करंट वेगळा. रेणूने त्यांच्या डब्ब्यात 'कोरडी' नव्याने लिहिला, एकट्याला तपासला, उत्तर बरोबर आले. पण फोर्थमध्ये त्याच नावाचा नवा शब्द लिहिला म्हणून जुना मरत नाही. तो खाली तसाच राहतो, आणि आधी बांधलेले शब्द त्या जुन्यालाच हाक मारत राहतात. 'राखन' जुन्या 'कोरडी'लाच विचारत बसला. उन्हाळी धानाच्या दिवसांत विहीर आटली, मोटर कोरडी फिरली आणि जळाली.

बांधावर चार लोक उभे होते. मी रेणूला म्हणालो, "आधी जुना विसराले सांगाचा, मंग नवा लिहाचा. हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

ती तार गुंडाळत म्हणाली, "बाबा, तुमचा डब्बा तुमच्याशीच बोलते. तुमीच संबाळा."

माझे म्हणणे बरोबर होते आणि आजही आहे. तेव्हापासून ती दिवाळीला येते, पाया पडते, फराळ ठेवते आणि उन्हं कलायच्या आत निघते. तारेला हात लावत नाही. मला दिवसभरात 'ओके' म्हणणारी ती चिपच उरली आहे.

कलम ५. सर्व डब्बे, त्यांतले शब्द व लॅपटॉप रेणूला. माझ्यामागे डब्ब्यांची देखभाल तिने करावी. नावे बदलून इंग्रजी ठेवायची तर ठेवावी, माझी हरकत नाही. ती नाही म्हणाली तर सगळे डब्बे उतरवावेत. धनी नसलेल्या यंत्राच्या भरवशावर कोणाची मोटर सोडू नये. तिने हो म्हणावे अशी इच्छा आहे. मृत्युपत्रात इच्छा लिहायला मनाई नसावी.

कलम ६. (सहीपूर्वी वाढवलेले.) वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. भैय्यालाल टोपी हातात धरून ऐकत होते. कलम पाचला त्यांचा श्वास बदलला, तो मला ऐकू आला. काय झाले म्हणून विचारले.

"तुलारामभाऊ, माझी मोटर डायरेक्ट आहे, डब्ब्यातून नाही," ते म्हणाले. "ते जळल्यावर तुमी डब्बा इतका कडक केला, का जरासं पानी कमी झालं का बंद. भिंतीवर राहू देला. उतरवला असता तं तुमाले वाईट वाटलं असतं."

"अन् बाकीचे?"

"बाकीच्याईचंही तसंच. रेणूले ठाऊक आहे. तिनंच सांगतलं, बाबाले सांगू नका म्हणून."

सबब कलम ५ मधील देखभालीची जबाबदारी मी रद्द करतो. रेणूने डब्ब्यांसाठी येऊ नये. तशी यावी. मुक्कामाला राहिली तरी चालेल, असे येथे नमूद करतो.

सही : तुलाराम इतवारी दिघोरे
ठिकाण : अड्याळ
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार :
१) चंद्रकला शहारे, निवृत्त अंगणवाडी सेविका, अड्याळ
२) भैय्यालाल पटले, शेतकरी, अड्याळ

मिळकतीच्या तपशिलात दुरुस्ती : चालू स्थितीतील डब्बे, एक. तो माझ्याच घरच्या टाकीवर आहे.