हिऱ्याच्या कडेवरचा नंबर

२ जानेवारी
नवं वर्ष, नवी वही. संकल्प तीनच. रोज गाजराचा रस. सकाळी गवतावर अनवाणी चालणं. हेतलवर चिडायचं नाही.
आज एकशे चाळीस हिरे केले. सुरतेत आमच्या लॅबचा कागद आणि हिऱ्याच्या कडेवर कोरलेला नंबर जुळला, की पुढे कोणी काही विचारत नाही. तो नंबर मी कोरतो, केसाहून बारीक. सव्वीस वर्षं चाकावर हिरे घासले, सहा वर्षं या लेझर मशिनवर. नजर घारीची.

९ जानेवारी
मशिनची लेन्स बिघडली आहे. स्क्रीनच्या मधोमध धुरकट डाग. हेतलला दाखवला. माझं कोरलेलं तपासून दुसरी सही ती करते. वय चोवीस. म्हणाली, "मनसुखकाका, मला काही दिसत नाही." मी मान वळवली तर डागही वळला. फारच खराब लेन्स.
मालकांकडे, कौशिकभाईंकडे, तक्रार केली. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. म्हणाले, बघतो.
गाजर आणायचं राहिलं.

१४ जानेवारी
उत्तरायण. यंदा पतंग अगदी तुरळक. मंदी. बायको, लाभू, म्हणाली, "आभाळ पतंगांनी भरलंय." लाभूला बाजारातलं काय कळतं. उंधियू मात्र झकास.

१६ जानेवारी
हेतल सुट्टीवर. दोन्ही सह्या मीच ठोकल्या. नियमात बसत नाही, पण माल अडून कसं चालेल?
शंभूचा हिरा आला होता. शंभू म्हणजे माझा चाकावरचा जोडीदार. पुढे तो व्यापारी झाला, मी इथे आलो. खाणीतला हिरा, नंबराच्या शेवटी ४१३. त्याच ट्रेमध्ये तेवढाच एक यंत्रात वाढवलेला, ४१८. पुड्यांवर कोणी गिचमिड लिहिलं होतं देव जाणे. तीन की आठ, क्षणभर थांबलो. मग अनुभवाने ठरवलं.
संध्याकाळी शंभू न्यायला आला. "नंबर तूच वाचलास ना?" मी म्हटलं, मीच वाचला. पुडी न उघडता त्याने खिशात घातली.

१९ फेब्रुवारी
भलतंच. शंभूने हिरा विकला, घेणाऱ्याने दुसरीकडे तपासला, तर निघाला यंत्रातला. कडेवर नंबर ४१३च. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजाराच्या गल्लीत सगळे म्हणतायत, शंभूने खोट्या हिऱ्यावर खरा नंबर घातला. दुसरा हिरा, ४१८, कुठल्याशा स्वस्त अंगठीत बसून परगावी गेला. म्हणजे त्याचा प्रश्नच मिटला.
रात्री जेवण गेलं नाही. पित्त.

११ मार्च
बाजार कमिटी. साक्षीदार म्हणून माझं नाव खुद्द शंभूने दिलं होतं. म्हणाला, "मनसुखला विचारा. तो सांगेल ते मला मान्य."
कमिटीतल्या म्हाताऱ्याने विचारलं, "तीनच्या जागी आठ, असं होऊ शकतं का?" मी म्हटलं, बत्तीस वर्षांत नाही झालं. "तुला स्वच्छ दिसतं?" म्हटलं, घारीसारखं.
शंभू माझ्याकडे बघत होता. कसा, ते कळलं नाही. तिथली ट्यूबलाइट मंद आहे.
माझा हिशेब सरळ होता. लॅबचा कागद खरा ठरला की शंभूही खरा ठरेल. त्यांनी उलटंच काढलं. कागद खरा, कोरणारा खरा, म्हणजे हिरा बदलून त्यावर तोच नंबर शंभूने घातला. त्याला बाजार बंद. या लोकांना विचार करता येत नाही.
कौशिकभाईंनी पाठ थोपटली. उद्यापासून हिरे हेतल कोरणार, मी नुसती देखरेख. बढतीच ही.

२० एप्रिल
शंभू परत चाकावर बसतो. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, कतारगामच्या एका पत्र्याच्या शेडमधल्या कारखान्यात. तो गल्लीतून गेला की दलाल पुड्या मिटतात म्हणे. भेटायला जायचं ठरवलं. ऊन फार.

३ मे
ऊन.

५ जून
उंबऱ्याला अडखळलो, कपाळाला टाके. लाभूने डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढून नेलं. चौकटींचा कागद समोर धरला. मधल्या रेघा वाकड्या होत्या. छपाई वाईट म्हटलं. डॉक्टर म्हणाले, रेघा सरळ आहेत. पडद्याचा मधला भाग गेलाय, दीडेक वर्ष तरी झालं असेल. चष्म्याचा उपयोग नाही. काम काय करता? म्हटलं, देखरेख.
घरी येताना रिक्षात लाभूने विचारलं, "शंभूभाईंचा हिरा..."

७ जून
शंभूच्या घरी गेलो. त्याचे हात काळे, नखांत चाकाची पूड. सगळं सांगितलं. तीन, आठ, दोन सह्या.
तो म्हणाला, "ठाऊक होतं मला. दिवाळीला तुझ्या दारात उभा होतो, तर तू मला ओळखलंस आवाजावरून. म्हणून तर तुझं नाव दिलं कमिटीला. वाटलं, मनसुख सांगेल, मला दिसत नाही."
वहिनींनी चहा ठेवला. कप कुठे आहे ते त्याने माझा हात धरून दाखवलं.

१२ जून
डॉक्टरचा कागद घेऊन कमिटीकडे गेलो. कौशिकभाईंनी सकाळीच कामावरून काढलं होतं. मी तिकडे निघालोय हे हेतलकडून कळलं त्यांना. तिला मीच सांगितलं होतं.
म्हाताऱ्याने कागद वाचला. वाईट वाटलं म्हणाला, खरंच वाटलं असावं. मग माझा मार्चचा जबाब काढून मोठ्याने वाचला. घारीसारखं, हा शब्दसुद्धा होता त्यात.
म्हणाला, "मनसुखभाई, आज तुम्हाला दिसत नाही, हे मान्य. पण जूनच्या कागदावरून, डॉक्टरच्या अंदाजावरून, जानेवारीचे डोळे ठरत नाहीत. जानेवारीच्या डोळ्यांवर तुमचीच सही आहे."
बाहेर शंभू थांबला होता. कारखान्यातून अर्धा दिवस सुटी काढून आलेला. मी सांगितलं, बंदी कायम. त्याने "बरं" म्हटलं आणि रस्ता ओलांडायला माझा दंड धरला.