काठापर्यंतचं तपकिरी

प्रिय बुटके,

फोन तू उचलत नाहीस. तुझा नवरा उचलतो आणि सांगतो, झोपली आहे. इतकी झोप येते कुणाला? म्हणून लिहायला बसले. अक्षर माझं म्हणजे कोंबडीचे पाय, लागेल तसं लाव. पण शेवटपर्यंत वाच, मधेच घडी घालून उशीखाली सारू नकोस.

आतड्याचा तुकडा तपासायला देऊन तू निकालाआधीच पळालीस. तो आणायला दवाखान्यात मी गेले. कागदावरचं काही मला कळेना, खिडकीवरचा माणूस धड बोलेना. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. सरळ आत शिरले, जिथे काचेवर ठेवून असले तुकडे तपासतात तिथे. तिथल्या डॉक्टरीणबाई आधी डाफरल्या, मग माझ्या हातांकडे बघत राहिल्या. कोपरापर्यंत निळे होते, कुणाचे तरी पडदे रंगवून तशीच गेले होते. कपडे रंगवायचं दुकान आहे म्हटल्यावर हसल्या. म्हणाल्या, मग आपला धंदा एकच, बसा.

आणि त्यांनी मला त्यांच्या त्या बारीक बघायच्या दुर्बिणीला डोळा लावू दिला. काय सांगू तुला! आत सगळं निळं. मोठ्या हंड्यातला रंग निवळल्यावर दिसतो ना, तसं फिकट, शांत. त्यात उभ्या कापल्यासारख्या विहिरी, एकीला लागून दुसरी, आणि प्रत्येकीच्या तळाशी तपकिरी ठिपके, चहाचे शिंतोडे उडावेत तसे. मी दचकले. म्हटलं, हाच का तो रोग? तर म्हणाल्या, नाही हो, हा बहिणीच्या तुकड्यातला चांगला भाग आहे. पेशी एकीच्या दोन व्हायला निघाली की तिच्यात एक प्रथिन तयार होतं, आणि हा तपकिरी रंग तेवढ्या प्रथिनालाच धरतो. हे मला लगेच कळलं. सुती झगा रंगवला की कापड रंगतं आणि पॉलिस्टरची शिलाई पांढरीच राहते, मग गिऱ्हाईक येऊन भांडतं, तसंच ते. रंग आपलं माणूस ओळखतो.

आतड्याचं अस्तर म्हणे सारखं झिजतं आणि सारखं नवं होतं. तळाशी जन्मायचं, हळूहळू वर चढायचं, चढता चढता वाढ थांबवायची आणि काठावरून अलगद गळून जायचं. ना गडबड, ना आवाज. तेव्हापासून मी हंडा ढवळता ढवळता थांबते. दूध उतू जातं, कळतही नाही. माझ्यासारख्या खवट बाईच्या पोटातही कुणीतरी न कुरकुरता वर चढतंय, असं वाटत राहतं. अण्णांच्या पोटातही चढत असणार, आपण त्यांच्या खाटेपाशी खेळायचो तेव्हासुद्धा.

मग बाईंनी काच सरकवली. तुझी गाठ आली. विहिरी वाकड्यातिकड्या, आणि तपकिरी तळाशी नव्हतंच राहिलं, पार काठापर्यंत पसरलेलं. थांबायचं तिथे कुणी थांबलंच नव्हतं. नुसत्या रंगावर ठरवत नाहीत, पेशींचा आकार बघतात, किती खोल घुसल्यात ते बघतात. सगळं बघून त्या म्हणाल्या, कॅन्सर आहे. लिहिला बघ एकदाचा शब्द. पण सुरुवातीचा आहे, एकाच जागी. आत्ता काढला तर सुटशील. अण्णांच्या वेळी कुणी काचेत बघितलंच नाही. पोट दुखतंय, पोट दुखतंय म्हणत गेला माणूस.

आता खरं कशासाठी लिहितेय ते. बापालाही तोच असणार, बहिणीला निघाला, म्हणून मलाही तपासून घ्यायला लावलं. माझीही काच आली. बुटके, काठापर्यंत तपकिरी. हुबेहूब तुझ्यासारखं. बाहेर येऊन बाकावर बसले. तुला जन्मभर भित्री म्हणत आले, आता मीच भित्री निघाले. एकटीनं नाही जमायचं मला. ऑपरेशनं दोघींची एकाच आठवड्यात करतो म्हणालेत. खाटा शेजारी-शेजारी मागून घेतल्यात, चांगली भांडून. लहानपणी आपण एका पांघरुणात झोपायचो, आणि खिडकीकडची बाजू मी तुला कधी दिली नाही. ह्या वेळी खिडकीकडची खाट तुझी. ये आणि ताब्यात घे. उशीर केलास तर मीच जाऊन पसरेन तिथे, ओळखतेस ना मला.

तुझीच,
निळ्या हातांची ताई