गरम खोलीतला गोळा

३ डिसेंबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझी काकू तुझ्याकडे पोचली असेलच. रागाच्या भरात ती मफलर इथंच विसरली. सोबत पाठवतो आहे. ती माझ्याविषयी काय सांगेल ते मीच सांगून टाकतो, म्हणजे तुझा वेळ वाचेल. पाव फुगेना, म्हणून मी खमिराचा गोळा आमच्या गरम खोलीत ठेवला. माणसांची ये-जा झाली की दारातून गारवा शिरतो, म्हणून काकूची गादी मागच्या खोलीत हलवली. ती खोली थंड आहे, मान्य. पण दोन ब्लँकेटं दिली होती. ती म्हणाली, पिठाला ऊब आणि मला हुडहुडी, तर आता संसारही पिठाशीच करा. मी म्हटलं, अगं, पाव जमेपर्यंतच. यात चिडण्यासारखं काय होतं?

बरं, मुद्द्याचं. गोळा टम्म फुगतो आणि ओव्हनमध्ये गेला की मटकन बसतो. वर भसकन आंबट वास. तू बेकरीवाली आहेस, काय चुकतंय ते कळव. काकू कधी येणार असं थेट विचारू नकोस, नुसता अंदाज घे. घर खायला उठलंय.

तुझा,
काका

९ डिसेंबर

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

मफलर पोचला. काकूनं तो घातला नाही, पण उशाशी ठेवलाय.

तुमचा गोळा उबेनं बिघडतोय. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलीत, म्हणून काट्यावर विसंबता. जरा पिठाकडेही बघा. बोटानं दाबा. खळगा सावकाश भरत आला तर वेळ झाली. भरलाच नाही तर वेळ टळली. आणि मळून झाल्यावर रात्रभर गार जागी ठेवा. हळूहळू आंबलं की पावाला रंगरूप येतं. तुमच्या घरात त्याला सगळ्यांत योग्य जागा म्हणजे मागची खोली.

हे मी काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे मला उगाचच हलवलं. ती सध्या माझं दुकान सांभाळते. गिऱ्हाइकं तिच्यावर खूश आहेत. काल म्हणाली, इथंच जवळपास एखादी खोली मिळते का बघ. मी विषय बदलला, पण रोज कसा बदलू?

आपली,
चिमणी

१६ डिसेंबर

चि. चिमणीस आशीर्वाद.

गोळा मागच्या खोलीत गेला, गादी गरम खोलीत परत आली. पाव झाला! बाहेरून कडक, आत सुरेख जाळी. कापायच्या आधी सवयीनं तुझ्या काकूला हाक मारली. मग सुरी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. ती नसताना पाव जमला, याचा मला फार राग आला.

चवीचं मात्र काही कळत नाही. एकट्यानं खाल्लं की सगळं सारखंच लागतं. अर्धा पाव पाठवतो आहे. तिला सांग, माझं चुकलं. तिच्यावाचून मला करमत नाही, हेही सांग. मला तोंडावर म्हणता आलं नसतं. खोली मात्र बघू नकोस.

काका

२१ डिसेंबर

स. न. वि. वि.

परक्या माणसाला लिहितात तसा मायना घातला आहे, तो मुद्दाम.

पाव पोचला. रूप चांगलं आहे. चिमणीनं दुकानात चार लोकांना दाखवला. एकट्यानं खाल्लं की चव कळत नाही, असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मला रडू आलं. डोळे पुसून मी एक तुकडा तोंडात टाकला.

त्यात मीठच नाही.

आजवर तुम्ही पीठ मळायला घेऊन चष्मा शोधायला जायचात, तेव्हा मीठ मी टाकत होते. तुम्हाला वाटलं, ते पिठातच असतं.

रविवारी येते. तोवर काही मळू नका.

लोभ आहेच, त्याची विनंती नको. गादीवर चादर तेवढी धुतलेली घाला.

तुमचीच