शेषरावांची बरणी

सोमवार, ४ डिसेंबर १९६१. अमरावती.

आज छातीच्या दवाखान्यात रुजू झालो. काम असे : सायकलने घरोघरी जायचे, दम्याने किंवा कापसाच्या जिनातल्या धुळीने छाती भरलेल्या रोग्यांना श्वासाचे व्यायाम शिकवायचे. नाकाने चार मोजून घ्यायचा, ओठ चिमटून सहा मोजून सोडायचा. मग रोग्याला खाटेवर पालथे, डोके खाली करून निजवायचे आणि तळहात वाटीसारखा करून पाठीवर थापा मारायच्या, म्हणजे कफ सुटतो. थाप पोकळ वाजली पाहिजे, चपराकीसारखी वाजली तर चूक. मी सातवीच शिकलो, पण माझा हात चांगला आहे असे डॉक्टरसाहेब म्हणाले.

गोदाबाईंच्या घरी खोली मिळाली. एक खिडकी, एक फळी, एक शेगडी. बुद्धाची तसबीर लावली. मोर्शीला आईला पत्र टाकले. सर्व ठीक आहे.

६ डिसेंबर.

पहिले रोगी शेषराव. वय पंचेचाळीस, वीस वर्षे जिनात कापसातून सरकी काढायच्या यंत्रावर. घरी बायको सुंदराबाई आणि लग्नाची मुलगी मैना. चार पावले चालले की बसतात, पण थट्टा सुटत नाही. मी थापा मारत असताना खाटेखालून म्हणाले, “पाहा वं, हा मास्तर मले मारते बी, अन् पगार बी घेते.”

कफ औंसांच्या खुणा असलेल्या काचेच्या बरणीत धरला, दोन औंस. करडा, आटलेल्या पेजेसारखा, त्यात कापसाचे तंतू. बरणीच्या काठापासून त्यांच्या ओठापर्यंत तार लोंबत राहिली. ती मला बोटाने तोडावी लागली. भिजलेल्या सरकीचा कुबट वास. घरामागे जाऊन ओकलो. कोणाला कळू दिले नाही.

कफ भुशात मिसळून लगेच जाळायचा असा नियम. सुंदराबाई चुलीपुढे आडव्या उभ्या राहिल्या. ज्या चुलीवर भाकर, त्या चुलीत हे जाणार नाही म्हणाल्या. बाहेर जाळले तर गल्ली बोलेल, पोरीचे लग्न मोडेल. म्हणून बरणी पिशवीत घालून खोलीवर आणली. पण माझीही शेगडी एकच, तिच्यावरच माझा भात शिजतो. हात धजला नाही. औंसभर फिनेल ओतले, बरणीच्या तोंडाला फडके बांधले, फळीवर ठेवली. नोंदवहीत ‘जाळला’ असे लिहिले. नोंदवहीत खोटे लिहिण्याची माझी ही पहिली वेळ.

९ डिसेंबर.

आणखी दोन औंस. त्याच बरणीत ओतले. म्हणजे फिनेल धरून पाच व्हायला हवेत. पातळी आठच्या खुणेवर आहे. तीनदा पाहिले.

शेषराव विहिरीपर्यंत चालत गेले.

१३ डिसेंबर.

शेषराव दोन भाकरी खातात, बाजारात जाऊन आले. डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर माझे नाव घेतले. सुंदराबाईंनी चार संत्री दिली. एक सोलले. फोडीवरचे पांढरे धागे बोटांना चिकटले आणि पुढे खाववेना.

बरणी काठाला आली आहे. वर सायीसारखा पापुद्रा. तोंडावरचे फडके वर उठते, खाली बसते. मोजले. वर जाताना चार, खाली येताना सहा.

हे माझे मोजमाप आहे. मीच शिकवले.

१५ डिसेंबर.

सकाळी आठला परसात तीन विटा मांडल्या. काडीने चमचाभर काढून निखाऱ्यावर टाकले. चर्रर्र झाले, केस जळल्यासारखा वास. बाकीचे टाकणार तोच मैना धापा टाकीत आली. बाप अंगणात पडला, ओठ काळे पडले म्हणाली. केव्हा, विचारले. आठचा भोंगा झाला तेव्हा.

मी पोचलो तेव्हा श्वास परतला होता. त्यांनी माझे मनगट धरले. तळवा ओला होता.

“मायं काई तरी तुमच्यापाशी हाय, मास्तर. जपून ठेवजा.”

मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो?

१८ डिसेंबर.

जाळत नाही. जाळले तर माणूस मरतो. साहेबांना सांगावे तर नोंदवहीत माझ्याच अक्षरात चार वेळा ‘जाळला’ आहे.

मी कामावर गेलो की खोलीत कोणी तरी खोकते, असे गोदाबाई म्हणतात. पाहुणा ठेवायचा तर विचारून ठेवा म्हणाल्या.

फळी बुळबुळीत झाली आहे. भिंतीवरून एक तार उतरली आहे, उशीपर्यंत. पुसतो. कामावरून आलो की पुन्हा तिथेच.

उशीही ओली.

२० डिसेंबर.

मला खोकला. करडा. तंतू आहेत.

मी जिनात कधी पाऊल ठेवलेले नाही.

२१ डिसेंबर.

साहेबांना सगळे सांगितले. बरणी घेऊन गेलो. त्यांच्यासमोर फडके सोडले — रिकामी. कोरडी, चाटून पुसल्यासारखी. ते रागावले नाहीत. माझ्या छातीला नळी लावली. मग नळी कानातून काढली, रुमालाने पुसली. घरी जाऊन पडा म्हणाले. माझ्याकडे पाहिले नाही.

२२ डिसेंबर.

स्वतःच खाटेवर पालथा झालो, डोके खाली. पाठीला हात पुरत नाही. तरी खोकून खोकून वाटीभर काढले. घशातून येताना ते आतल्या बाजूला धरून राहते, बोटांनी ओढावे लागते. परसात विटांमधल्या निखाऱ्यांवर टाकले —

मैना आली नाही. शेषराव आले. भिंत धरत, निळे पडलेले, पण चालत. बरणीतले आता माझ्या छातीत आहे, हे त्यांना कळले आहे.

दारात बसले. मग हात जोडले.

“फागुनात मैनाचं लगन हाय. तवरोक खोकू नका, मास्तर.”

२३.

शेषराव रोज येतो म्हणाले. जिनात पुन्हा कामावर घेतले आहे. आज पाळी सुटली तसे दुपारी आले. मला खोकला आला की माझ्या तोंडावर हात धरतात — हळूच धरतात, डोळ्यांत पाणी असते. गिळतो. कोमट. गिळले तरी पोटात जात नाही, छातीतच —

आईला पत्र लिहायचे —

२५.

गळ्यापर्यंत आले आहे. दाताला लागते. जिभेखाली तंतू —

शेषराव समोर बसून मोजताहेत, मी शिकवले तसे, सावकाश. चेहरा किती चांगला झाला आहे त्यांचा. मी श्वास रोखून पाहिला. आताही रोखलाच आहे. छाती तरी वर येते. एक. दोन. मी घेत नाही. तीन. मी नाही घे