येळवशीला सांगीन

२ डिसेंबर, मंगळवार
आज बी उन्हाचा पत्ता न्हाई. खिडकीबाहेर सगळं पांढरं, कुणी चुन्याचं पोतं फोडल्यागत. दिलीप म्हणतो, "माय, बघ किती सुंदर." म्हणलं, हाय बाबा सुंदर, पण लुगडं वाळायला कुठं टाकू?
पोरगं कॅनडात येऊन साहेब झालं पण घर लाकडाचं. भिंतीवर टिचकी मारली की आतून ढबढब. वर्षा, म्हणजे सूनबाई, पुण्याची, म्हणली, "आई, इथे सगळ्यांची घरं अशीच असतात." सगळ्यांची असली म्हणून काय शहाणपण झालं? एक मात्र हाय. भूकंपात आमच्या माळवदाखाली जे गेले, त्यांच्यावर असलं हलकं लाकूड पडलं असतं तर... जाऊ दे. हे तिला सांगितलं न्हाई. बघा मी म्हणत होते, असं म्हणली असती.
आज जेवताना दि. मुद्द्यावर आला. "माय, आता इथंच राहा. कायमची. मिनीला आजी पायजे, तुलाबी आराम." वर्षा ताटात बघून राहिली होती. म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालेलं. मी म्हणलं, येळवशीला सांगीन. सणाला, आपल्या शेतात बसून. दि. म्हणला, "अगं, तुझं तिकीट मार्चचं हाय." म्हणलं, मग उत्तरबी मार्चनंतरच्या येळवशीला.
मिनी माझं बोट धरून झोपली. सहा वर्षांची झाली तरी लोण्याचा गोळा. ह्या अख्ख्या देशात बघण्यासारखं तेवढंच हाय.

५ डिसेंबर
शेंगदाणे भाजायला घेतले तर छताला लावलेली डबी बोंबलायला लागली. वर्षा पळत आली, खिडक्या उघडल्या, टावेल हलवला. घरात चूल पेटली की बोंबलणारं घर मी जन्मात पाहिलं न्हाई. मग सैपाक करायचा कुठं? तर करायचाच न्हाई. पाला चिरायचा, वरून तेल टाकायचं अन् म्हणायचं जेवण झालं. आमच्याकडं शेळी जेवते असं.
शेजारीण आली होती. गोरी, म्हातारी, ओठाला लाल रंग. तिच्या कुत्र्याला सदरा घातलेला. मला बघून दात काढले, मीबी काढले. एवढ्यावर वर्षा म्हणते, "आई, तुमची छान मैत्री झाली." मैत्री! लातुरात माझी अन् रजियाबीची मैत्री हाय, पडवी एक, सुपातलं निवडणं एक. भांडलो तर महिना महिना बोलत न्हाई. ह्याला मैत्री म्हणतात.
मिनीला भाकरी थापायला शिकवली. तिची भाकरी कॅनडाच्या नकाशागत झाली. खाल्ली मी. लई गोड.

८ डिसेंबर
गौरीचा फोन. गौरी म्हणजे माझ्या नांदेडच्या लेकीची, शोभीची पोरगी. बारावीला हाय, क्लाससाठी लातुरात माझ्याच घरी राहती. मी इकडं आल्यापासून रात्री सोबतीला रजियाबी येऊन झोपती.
ही वही बी गौरीच्या क्लासची, फुकट वाटलेली. पहिल्या येणाऱ्या पोरांचे फोटो पानोपानी, अन् खाली सरांचं एक एक वचन. आजच्या पानावर हाय, झोप हा तुमचा शत्रू. दुपारी पडले होते म्हणून आता रात्री जागून लिहून राहिले. हाव रे बाबा, हाय शत्रू.
तर फोन. "आजी, नवे सर परराज्यातले आहेत. त्यांनी येळवशीच्या दिवशी टेस्ट ठेवली."
मला हसूच आलं. लातुरात येळवशीला टेस्ट! त्या दिवशी आपल्याकडं दुकानं बंद, हाटेलं बंद, रस्त्यावर कुत्रं सुद्धा नसतं. ज्याला शेत हाय तो आपल्या शेतात, ज्याला न्हाई तो दुसऱ्याच्या. म्हणलं, कुणी सांगितलं न्हाई का त्या माणसाला?
"सांगितलं. ते म्हणाले, सण वर्षात किती येतात, रँक एकदाच येतो."
मिनी विचारत होती, येळवस म्हणजे काय गं? म्हणलं, मार्गशीर्षाची अमावस्या. कडब्याची कोपी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, उभ्या पिकावर आंबील शिंपायची, अन् डाळीच्या पिठात भाज्या-दाणे घोटून केलेली भज्जी खायची. ती म्हणली, "दगडांना थंडी वाजते म्हणून घर?" हाव म्हणलं. बरोबर हाय पोरीचं.
भूकंपाच्या वर्षीची येळवस आठवली. औशाकडचं आमचं गाव सपाट झालेलं. सगळे पत्र्याच्या शेडात. सासूबाई गेल्या होत्या. मालक तेव्हा होते, म्हणले औंदा सण करायचा न्हाई. मी ऐकलं न्हाई. सोनं मागावं तसं डाळीचं पीठ मागत फिरले शेडाशेडात. पाच दगड हुडकायला लांब जायचं न्हवतं, घर पडलंच होतं. शेतात गेले, पाठोपाठ मालक आले, मग अख्खं गाव. त्या दिवशी लोक पोटभर रडले अन् पोटभर जेवले.
तेव्हा चुकवली न्हाई. आता ह्या बर्फापायी चुकवू?

१३ डिसेंबर, शनिवार
आज जे झालं ते लिहायलाच पायजे, उद्यापर्यंत विसरणार न्हाई तरी लिहायला पायजे.
दि. सकाळपासून खुशीत. "माय, तुला सरप्राईज हाय." तिसऱ्या प्रहरी मला मोटारीच्या खोलीत नेलं. मोटार बाहेर काढलेली. आत कोपी! कडबा कुठला, दुकानातून आणलेला शोभेचा मका, दिवाळीच्या दिव्यांच्या माळेनं बांधलेला. पाच दगड बी हायत, गुळगुळीत, कुंडीतले. लाल साटीण पांघरलेली. इथल्या मराठी मंडळाचे लोक जमले, पुण्याचे, नागपूरचे, एक जोडपं ठाण्याचं. प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं.
मी म्हणलं, दिलप्या, आज काय हाय?
"येळवस, माय."
"आज तिथी काय?"
"अगं, अमावस्या सत्तावीसला हाय, पण तोवर सगळे सुट्टीवर जातात. म्हणून वीकेंडला घेतली."
दिवेलागणीला दार वर गेलं तर बाहेर चांद निघालेला, परातीएवढा. बर्फावर असं टिपूर चांदणं की सुईत दोरा ओवावा. अन् ही माणसं अमावस्या करून राहिली! काल तर दत्तजयंती झाली. एवढे शिकलेले लोक, एकानं मान वर करून बघितलं न्हाई.
ठाण्याची बाई म्हणली, "म्हणजे हुरडा पार्टीच ना?" न्हाई म्हणलं. "मग भोगी?" न्हाई म्हणलं. "अय्या, मग पिकनिक!" भज्जी वर्षानं केली होती. डबाबंद वाटाणे, थिजवलेली मेथी, अन् आंबटपणाला लिंबू. चिंच न्हाई, तुरीचे दाणे न्हाई, कांद्याची पात न्हाई. घोटून घोटून पिवळी खळ झालेली, पोस्टर चिकटवावी तसली. नागपूरवाला दोनदा घेऊन खात होता. बिचाऱ्याचं घरात काय हाल असतील.
शिंपायची वेळ आली. "माय, शिंप की." कशावर शिंपू? सिमेंट. कडेला बर्फ. मिनीनं वाटी धरलेली. तिच्यासाठी म्हणून बर्फावर चार थेंब टाकले. तिनं टाळ्या वाजवल्या.
दि. हळूच म्हणला, "बघ माय, इथंबी सगळं होतं."
आता कळलं कशासाठी केलं ते.

१४ डिसेंबर
सकाळी उठून सांगितलं. मी सत्तावीसला शेतात असणार. तिकीट बदल न्हाई तर मी चालत निघते.
"माय, तू आमच्यासाठी एवढंबी..."
"दिलप्या, तू मला बोलावलंस ते माय म्हणून का मिनीला सांभाळायला?"
हे बोलायला नको होतं. वर्षा उठून आत गेली. दि. म्हणला, "दोन्हीसाठी." खरं बोलला. लहानपणीबी मार खाताना खरंच बोलायचा.
थोड्या वेळानं वर्षा बाहेर आली, डोळे पुसून. "मिनीची शाळा तशीही बंद होते आहे. आपण सगळेच जाऊ या. आणि आईंचं उत्तर तिथेच ऐकू." वा. सूनबाईच्या तोंडून पहिल्यांदा शहाण्यासारखं वाक्य निघालं. तोंडावर म्हणले न्हाई.

२४ डिसेंबर, बुधवार
विमानात काय खायला दिलं ते देवाला ठाऊक. शेजारच्या बाप्यानं तेबी चाटून पुसून खाल्लं.
हैदराबादेत उतरून नांदेडची रेल्वे धरली. दि. कपाळाला हात लावून, "ए.सी. का मिळाला नाही." डिसेंबरात ए.सी.! तिथं गोठून जीव भरला न्हाई वाटतं. धर्माबादला गाडी थांबली, मिरचीचा खाट नाकात शिरला अन् डब्यात सगळ्यांना शिंका. मिनी शिंकून शिंकून हसून राहिली. वर्षानं तिच्या तोंडाला फडकं बांधलं. मी सोडलं.
नांदेडला शोभी स्टेशनवर. तिची सासूबी आलेली, आमच्या विहीणबाई. पहिलं वाक्य, "परदेशात जाऊन वाळलात की हो." म्हणलं, तुम्ही इथं राहून भरून आलात, बरं वाटलं बघून.
मुक्काम शोभीकडं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. जेवताना बोलले न्हाई कुणाशी.

२५ डिसेंबर
सगळे जीपनं लातूर. मी नव्हते तेवढ्यात आणखी बोर्ड लागले. पहिले मोंढ्याजवळ खताचे बोर्ड असायचे, आता सरांचे. एकेक सर हाताची घडी घालून असा उभा की जणू पोरं त्यानंच जन्माला घातली. दि. म्हणला, "आमच्या वेळी एवढं नव्हतं." तुझ्या वेळी तू क्लास न लावता पास झालास, म्हणून त्यांचा धंदा बुडाला असंल.
रजियाबी दारात. "आ गए भाभी? कितना उजळा होके आए!" मग मिनीला उचलून, "ये तो पूरी दिलप्या की सूरत!" मिनी मुकाट तिच्या कडेवर. माझ्याकडं यायला तिला चार दिवस लागले होते. असू दे.
गौरी वाळली पोरगी. म्हणलं, टेस्टला जाणार का?
"आई म्हणते जा. बाबा म्हणतात जा."
"अन् तू?"
"सर फोटो लावतात पहिल्या दहांचे."
तुरीच्या शेंगा सोलायला तिच्यापुढं ठेवल्या. पुस्तक वाचत वाचत सगळ्या सोलल्या.

२७ डिसेंबर, शनिवार. येळवस
पहाटे आम्ही दोघी, मी अन् रजियाबी, भज्जीला लागलो. ती दर वर्षी येते. तिच्या घरी शेत न्हाई, चूल मात्र माझ्याहून जोरात. वर्षा कमरेला पदर खोचून आली, "मी काय करू?" चिंचेचा कोळ काढायला लावला. बरा काढला. बरा म्हणजे बराच.
गौरी दप्तर घेऊन टेस्टला गेली. शोभीनं पाठवलं. मी जीपमध्ये तोंड फिरवून बसले.
शेतात हरभरा गुडघ्याला, ज्वारी डोक्यावरून. गड्यानं कोपी बांधून ठेवलेली, कडब्याची, खरी. पाच पांडव चुन्यानं पांढरेशुभ्र. मिनीनं आपली टोपी काढून एकाला घातली. कुणी रागावलं न्हाई.
शिंपायला दि. निघाला. आंबिलीचं मडकं हातात, ती कानडी ओळ म्हणायची असते ती येईना. अर्थ कुणालाच कळत न्हाई, पण म्हणावी तर लागती. चार पावलं गेला अन् थांबला. मागून कुणीतरी मोठ्यांदा म्हणलं. गौरी!
"अगं, टेस्ट?"
"आजी, वर्गात मी अन् सर दोघंच. सर म्हणाले, इतरांना काय झालं? मी म्हणाले, सर, चला दाखवते."
तिच्यामागं बांधावर तो माणूस, कोट घातलेला, बुटाला चिखल. रँकवाला. सकाळपासून सगळ्या शहरात त्याला चहा मिळाला नव्हता. म्हणलं, या सर, झोप शत्रू हाय पण जेवण न्हाई. खाली बसला. भज्जी बघून विचारतो, "ये सूप है?" रजियाबी म्हणली, "सूप तुम्हारे बंगले में. ये खाओ." खाल्लं. किती ते लिहीत न्हाई, नजर लागंल. हात धुताना म्हणतो, पुढच्या वर्षी टेस्ट ठेवणार न्हाई. जसं काही ती ठेवून फरक पडला होता.
दि. अन् मिनी हरभऱ्यातून फिरत होते. पुढं गौरी ओळ म्हणायची, मागं मिनी तिच्या तोंडाकडं बघत तेच. कॅनडाचं कानडी. मी बांधावर बसून बघत राहिले. इतकं बरं वाटलं की रागच आला.
मग दि. येऊन शेजारी बसला. "माय, आता सांग."
वर्षाबी आली. शोभीबी कान टवकारून. सगळे माझ्या तोंडाकडं.
वाटलं होतं शेतात बसल्यावर उत्तर आपोआप येईल, न्हाई. हिकडं बघावं तर कोपी, तिकडं बघावं तर मिनी, तोंडाला भज्जी फासलेली.
म्हणलं, गौरीची परीक्षा होऊ द्या.
"म्हणजे येणार?"
"म्हणजे परीक्षा होऊ द्या."
दि. हसला. वर्षा हसली न्हाई. ती म्हणली, "आई, तुम्ही नाही आलात तर मिनी हे सगळं विसरेल. आणि तुम्ही आलात तर इथे हे करायला कुणी उरणार नाही, ते मला आज कळलं. मी काही म्हणणार नाही." सूनबाईबद्दल ह्या वहीत जे लिहिलंय त्यातलं खोडत न्हाई. पण त्याच्याखाली हेबी लिहून ठेवते.

३ जानेवारी
पोरं गेली. हैदराबादेपर्यंत शोभी गेली सोडायला, मी न्हाई गेले. मिनी रडली न्हाई, जीपच्या काचेतून हात हलवत राहिली. वर्षानं वाकून नमस्कार केला अन् वाळवलेली मेथी पिशवीत घेतली. दि.नं माझी मोठी बॅग माळ्यावरून काढून ओट्याजवळ ठेवलीय, "असू दे माय हाताशी."
घर एकदम मोठं झाल्यागत. गौरी सकाळी क्लासला. समोरच्या भिंतीवर नव्या सराचा नवा बोर्ड, ह्याला मिशा हायत, तेवढाच फरक.
बॅग भरली न्हाई. वरबी ठेवली न्हाई. दुपारी गौरी अडखळली तिला. "आजी, ही वाटेत कशाला?"
म्हणलं, राहू दे. तुला वलांडून जायला काय झालं.