दुकान वाढवलं

मंगळवार, ९ जानेवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल आहे, असं पत्राच्या आरंभी लिहायचं असतं, असं शिंपी म्हणतो. म्हणून त्यानं ते लिहिलं आहे. मी म्हटलेलं नाही.

तुझं पत्र आणि खोकं दोन्ही पोचलं. चार पानं लिहिलीस, तीही दोन्ही बाजूंनी! अगं विसरभोळे, आजीला अक्षर ओळखता येत नाही हे तू पुन्हा विसरलीस ना? परदेशात राहून माणूस पासपोर्ट विसरत नाही, छत्री विसरत नाही, आजी अडाणी आहे तेवढं मात्र विसरतो. मी पत्र उलटंसुलटं केलं, वास घेतला (हॉटेलच्या साबणाचा येतो), आणि शिंप्याकडे नेलं. आपल्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून बसतो तोच हा, ज्याच्या चिंध्या तू लहानपणी पळवायचीस. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात. हे लिहायला तो तयार नव्हता. त्यानंच पत्र वाचून दाखवलं आणि तोच आता माझं बोलणं लिहून घेतोय. मी बोलेन तसं लिहायचं, कापाकापी करायची नाही, असं बजावलंय त्याला. "आजी, जरा मापात बोला," म्हणतो. मी म्हटलं, तू माझ्या ब्लाउजचं माप तरी आजवर कधी बरोबर घेतलंस?

सकाळी डोळे उघडल्यावर आपण कुठल्या गावी आहोत हे कळायला खिडकीपर्यंत जावं लागतं, असं तू लिहिलंस. मला कौतुक वाटलं. नदीवरचे पूल तपासायचे, हातोडीनं ठोकून बघायचं, आवाज बद्द आला की आत भेग आहे असं समजायचं. हे वाचताना शिंपी थांबलाच. "आजी, ही पोरगी पुलांची नाडी बघते की हो!" बघणारच. कुलपाला कान लावून बसणाऱ्याची नात आहे. त्या जुन्या हॉटेलात खोलीचं कुलूप अडकलं, तू केसातला आकडा काढून ते उघडलंस आणि मॅनेजर तोंडाचा आ करून बघत राहिला, हे ऐकून मी एवढी हसले की शिंप्याकडे कापड टाकायला आलेला माणूस घाबरून बाहेरच थांबला.

एकटी जेवताना समोरच्या खुर्चीवर बॅग ठेवतेस, म्हणजे खुर्ची रिकामी दिसत नाही, हेही लिहिलंस. ते मी त्याला परत वाचायला लावलं नाही. एकदा ऐकलं तेवढं पुरलं.

माझा गुडघा आहे तसाच आहे. नळाला पाणी येतं. समोरच्या बाईनं नवा पडदा लावलाय, भयंकर आहे.

तुझी आई, माझी लेक, गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. पुढे नऊ वर्षांची होईपर्यंत तू आपल्या कुलपांच्या दुकानात, फळीखाली बसून मोठी झालीस. मग तुझे बाबा आले आणि तुला तिकडे घेऊन गेले. वडीलच ते, कोण अडवणार? आता त्यांचा दुसरा संसार आहे. त्यांना आम्हाला फोन करायचं कारण नाही आणि आम्हालाही त्यांना नाही. तेव्हा इकडची बातमी तुला कळायची ती माझ्याच तोंडून. आणि माझं तोंड कसं आहे ते तुला ठाऊक आहे. नको तेव्हा धावतं आणि हवं तेव्हा फुगडी घालत बसतं.

शिंपी म्हणतोय, "आजी, पान संपत आलं." संपू दे. दुसरं घे.

हे बघ, 'संपू दे' म्हटलं मी. तुझ्या आजोबांना चाललं नसतं. त्यांच्या राज्यात काही संपायचं नाही, फुटायचं नाही, बंद व्हायचं नाही. असले शब्द तोंडातून काढले की घराला लागतात, असं त्यांचं म्हणणं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. मंगळसूत्राचा दोरा तुटला तरी वाढवलं. संध्याकाळी फळी ओढून दुकान बंद केलं की दुकान वाढवलं. मी म्हणायची, "अहो, या घरात सगळं वाढतं, तुमचे केस तेवढे सोडून." तू पाच वर्षांची असताना काचेचा पेला फोडलास आणि धावत येऊन म्हणालीस, "आजी, मी पेला वाढवला!" मला तुला रागवायचं होतं, पण हे असे खूश झाले की सोय राहिली नाही. काचा वेचता वेचता गिऱ्हाइकांना सांगत होते, "बघा माझी नात, कशी नीट बोलते."

तिकडे गेलीस आणि हे असले शब्द तुझ्या तोंडून गळून गेले. गळणारच. बोलायला समोर कोणी लागतं. तुला मी त्याचा दोष देत नाही. नुसतं सांगतेय, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलंय.

खोक्यातून तुझा दिवा निघाला. लांब मानेचा आहे, तोंडाला भिंग बसवलंय, हवा तसा वाकतो. बरोबरच्या कागदावर लिहिलं होतंस, 'आजोबा, मोठ्या दुकानाला मोठा दिवा.' शिंप्यानं तेवढं वाचलं आणि पुढचं वाचेना. मी दटावलं तेव्हा वाचलं. 'तिकीट काढलंय, पुढच्या महिन्यात येते, वाढवलेलं दुकान माझ्या डोळ्यांनी बघते.'

भिंगरी, दुकान मोठं झालेलं नाही गं.

महिन्यापूर्वी, त्या दिवशी दुपारी एक बाई बिघडलेलं कुलूप घेऊन आली होती. आजोबांनी ते नेहमीसारखं हातात घेतलं, कानाला लावलं, डोळे मिटले. कुलपाचं ऐकायचं असलं की ते असेच बसायचे आणि तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नसायचं, हे सगळ्या गल्लीला माहीत. बाई भली होती, उभी राहिली. मागून दुसरं गिऱ्हाईक आलं, त्यालाही तिनं तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. शेवटी शिंपी भिंतीपलीकडून म्हणाला, "आजोबा, गिऱ्हाइकं ताटकळलीत हो." उत्तर आलं नाही म्हणून तो उठून बघायला आला.

इथे तो चष्मा पुसायला थांबला होता. आता लिहितोय.

डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. सगळे डॉक्टर असंच म्हणतात, पण मी या डॉक्टरांचं खरं मानलंय. संध्याकाळी शिंप्यानं आजोबांच्या दुकानाची फळी ओढली, कुलूप घातलं आणि किल्ली द्यायला घरी आला. दारातच उभा राहिला. भिंतीपलीकडून रोज ऐकलेलं तेच तोंडात आलं. म्हणाला, "आजी, दुकान वाढवलं."

आणि तेवढ्यात तुझा फोन वाजला. तू कुठल्याशा स्टेशनावर होतीस. मागे भोंगे, माणसांचा कल्ला. "आजी, आजोबा कुठेत?" मी तोंड उघडलं. तो दुसरा शब्द मला कधी बोलायची सवयच नाही. तुझ्या आईच्या वेळीही आम्ही 'गेली' एवढंच म्हणालो होतो. शिंपी समोर उभा होता. त्याचंच वाक्य उसनं घेतलं. म्हटलं, "तुझ्या आजोबांनी दुकान वाढवलं गं."

"अरे वा!" तू एवढ्यानं ओरडलीस की घरात जमलेल्या बायांनी माना वळवल्या. "किती मोठं केलं? शिंपीकाकांचा गाळा घेतला का? दे ना त्यांना फोन!"

"ते बाहेर आहेत," मी म्हटलं. हे काही खोटं नव्हतं. बाहेरच्या खोलीत चटईवर होते.

पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण तुझा आवाज एवढा आनंदाचा होता. त्या दिवशी घरात तेवढा एकच आवाज आनंदाचा होता, तोही मीच बंद करायचा? उद्या सांगू म्हटलं. उद्या तू विचारलंस, मी म्हटलं गिऱ्हाइकात आहेत. मग झोपलेत. मग सामान आणायला गेलेत. एकदा घाईत म्हणून गेले की केस कापायला गेलेत, तर तू हसत सुटलीस, "कुठले केस, आजी?" मीही हसले. जिवंत असताना जेवढे हिंडले नाहीत तेवढे त्यांना मी या महिनाभरात हिंडवलंय.

पुलाच्या पोटातली भेग तुला एका ठोक्यात कळते. माझा आवाज महिनाभर बद्द येतोय, तो नाही कळला? शिंपी म्हणतो हे खोडू या. राहू दे. रागानं नाही म्हटलं. कळू नये म्हणून मीच तर एवढे विनोद करत होते.

आता तू येणार म्हटल्यावर गप्प बसता येईना. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी भेटेल, तुझी बॅग धरेल आणि म्हणेल, "वाईट झालं हो." दुकान बघायला हसत आलेल्या पोरीला ते असं रस्त्यात कळायला नको. शिंपी म्हणाला, पत्राचा फोटो काढून मोबाइलवर पाठवतो, आत्ता पोचेल. मी नको म्हटलं. टपालानंच जाऊ दे. पोचायला लागतील तेवढे दिवस तिकडे तरी तुझे आजोबा दुकानात बसलेले असतील.

आता एकच उरलं, आणि ते बोलायला मला सगळ्यांत जड जातंय. तू येणार होतीस ती त्यांच्यासाठी. माझ्याशी बोलत नाहीस असं नाही. "आजी, जेवलीस का, गुडघा कसा आहे, आजोबांना दे." एवढ्यात माझं बोलणं उरकायचं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. फोन मी उचलायचा आणि बोलायचं तुम्ही दोघांनी, अशी वाटणीच होती. मी भाजी निवडत तुमचं ऐकायची. त्यांच्या बाजूचं अर्धंच कानावर यायचं, पण तुझं अर्धं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. आता 'आजोबांना दे'च्या पुढे काय बोलायचं असतं, ते आपल्या दोघींनाही ठाऊक नाही. मी अक्षर शिकले नाही, पण या वयात हे शिकेन म्हणते. तुला शिकायचं असलं तर.

तिकीट परत करायचं असलं तर कर. मी रुसणार नाही. हे मी म्हटलं आणि शिंप्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. तेही लिही म्हटलं.

रडू आलं तर रड. खोलीचं दार लावून नको, कोणाजवळ तरी बसून रड. कोणी नसलं तर हॉटेलच्या त्या मॅनेजरला बोलाव.

तुझी,
फोन उचलणारी आजी

ता. क. येतेस की नाही, ते फोनवर सांगू नकोस. फोनवर आपल्या दोघींना शब्द धड ऐकू येत नाहीत. तू थंडीत डब्यातली बिस्किटं पाठवतेस ना, ती पाठव. बदामाची नकोत, ती त्यांच्या दातांसाठी होती. माझ्यासाठी मऊ बघून घे. येणार असलीस तर मोठा डबा पाठव, तू येईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही. नसलीस तर लहान पाठव. तेवढा मला एकटीला पुरेल.