मास्तरणीच्या हाताचं माप

मु. पो. खामणेवाडी, बिद्रीजवळ, जि. कोल्हापूर
ता. ४ डिसेंबर १९७४

चि. कृष्णात यास चुलता पिराजीचा आशीर्वाद.

हिकडं सगळी बरी हाईत, म्हंजी दोन येळ जेवत्यात आन् जेवून उठली की भांडत्यात. तुझी तब्येत कशी हाय, हे इचारायची रीत हाय म्हणून इचारतो. बरी न्हाय हे मला ठाऊक हाय, तुझं पत्र वाचलंय. सातवी नापास माणसाचं अक्षर हाय. लागलं तर लाव, न्हायतर तिकडं एखादा मराठी माणूस गाठ आन् त्येच्याकडनं वाचून घे (तेवढंच कुणाशी तरी बोलणं हुईल).

पयलं तुला शिव्या घालतो, मग बाकीचं. ‘एकट्यानं वाचा’ हे पत्राच्या आत लिवत्यात व्हय रे? बाहीर लिवायचं. तुझी आधीची दोन पत्रं डेअरीवर वाचली, तवापासनं अमेरिकेचं पत्र आलं की दूध घालाय आलेली माणसं किटल्या खाली ठिवून उभी ऱ्हात्यात, ही पद्धतच पडलीया. परवा पोस्टमननं डेअरीच्या दारातनंच आरोळी ठोकली. तुझी आई रांगेत उभी, चंद्री म्हशीचं दूध घिऊन. आता अशा येळी पत्र खिशात घालून घराकडं निघालो असतो तर गावाला वाटलं असतं काय तरी इपरीत घडलं. आन् आधी मनात वाचायचं, मग मोठ्यानं, असली थेरं मला जमत न्हाईत. फाडलं (एरोग्राम कुठनं फाडायचा ते मला अजून कळलेलं न्हाय, तुझ्या चार वळी दोन्ही तुकड्यांवर अर्ध्याअर्ध्या गेल्या), चष्मा लावला आन् केली सुरवात. तीर्थरूप आण्णांस साष्टांग नमस्कार. हितपातूर झकास. म्होरं मोठ्यानं वाचलं, आण्णा, हे पत्र... आन् म्होरचे शब्द दिसले, एकट्यानं वाचा, आईला कळू देऊ नका. तुझी आई माझ्यापासनं चार हातावर! मी चष्मा काढून पुसाय लागलो. बाळासो चेअरमन म्हणला, “का थांबलासा पिराजीराव? वाचा की!” तवा मी वाचलं, आण्णा, हे पत्र सगळ्यांस्नी वाचून दावा.

तिथनं म्होरं कृष्णाता, मी जे वाचलं ते तू लिवलेलं न्हाईस, आन् तू जे लिवलंयस ते मी वाचलेलं न्हाय. डोळ्यांनी तुझं वाचत हुतो, तोंडानं माझं. असली कसरत मी तालमीतबी केली न्हवती. तू लिवलंयस, मास्तर वर्गात आला की तू एकटाच उभा ऱ्हातोस आन् बाकीची पोरं बाकड्यावर पाय टाकून हसत्यात. मी वाचलं, ह्यो उभा ऱ्हायला की सगळा वर्ग बघतच ऱ्हातोय. तू लिवलंयस, मास्तर म्हणतोय मला नुसत्या नावानं हाक मार, सर म्हणू नगंस, आन् तुला ते जमंना म्हणून तीन म्हयनं तू त्येच्याशी बोललाच न्हाईस, त्यो तुला मुका समजतोय. मी वाचलं, मास्तर आन् ह्यो आता एकमेकाला नावानं बोलवत्यात, इतकी दोस्ती झालीया. मग आली परीक्षा. शंभरात एक्केचाळीस. हितं मात्र माझा डोळा आन् जीभ एकदमच पडली, एक्केचाळीस तोंडातनं बाहीर गेलं. आता काय करतोस? म्हणलं, एक्केचाळीस पोरांत पयला. लोकांनी किटल्या वाजवल्या. मास्तरनं त्येंच्या कसल्याशा सणाला परदेशी पोरांस्नी घरी जेवाय बोलवलंय, पण दारात उभं ऱ्हाऊन हाक काय म्हणून मारायची ह्या भ्यानं तू जाणार न्हाईस म्हणतोस. तिथं मी तुला जेवाय घातला, मास्तरणीकडनं दोनदा वाढून घेतलं आन् पान खायला लावून खोलीवर आणून सोडला. (पान जरा जास्त झालं. बाळासोनं लगीच इचारलं, तिकडं पान मिळतंय काय? म्हणलं, मास्तर मागवतोय.)

एक वळ तेवढी मी गाळलीच. झोपेत चंद्रीचा वास येतोय, दचकून उठून बघतो तर नुसता हीटर, असं लिवलंयस बघ. ती वळ बदलायची कशी ते सुचंना, आन् हाय तशी वाचली असती तर माझाच आवाज फुटला असता. धुळीनं. डेअरीवर धूळ लई असती.

आता त्येची फळं ऐक. हेडमास्तरनं शाळेच्या फळ्यावर तुझं नाव लिवलंय, खाली एक्केचाळीस पोरांत पयला, आन् त्येच्याखाली दोन रंगीत रेघा. पोरास्नी पुसाय बंदी हाय, तवा गणिताचा तास व्हरांड्यात घेत्यात. बाळासोनं येत्या आयतवारी तुझ्या आईचा सत्कार ठरवलाय, शाल आन् नारळ. आन् तुझी आई दुसऱ्या दिवशी उठली ती गारगोटीचा बाजार गाठून मास्तरणीला हिरवा खण घिऊन आली. लेकाला दोनदा वाढणारी बाई मोकळ्या हातानं कशी ऱ्हाईल म्हणती, बांगड्याबी धाडायच्या. म्हणलं वैनी, काचा फुटतील. म्हणली, कापसात घाला. म्हणलं, माप न्हाय. म्हणली, मागवा. आन् चोळीच्या शिलाईचा पांढरा दोरा तोडून माझ्या हातात दिला, मास्तरणीच्या मनगटाला गुंडाळून गाठ मारून परत धाडायचा. एरोग्राममधी दोरा घालाय बंदी हाय म्हणं, म्हणून ह्ये पाकीट घ्यावं लागलं. एका थापेपायी माणसाला केवढा खटाटोप करावा लागतोय बघ, आन् मला खटाटोपाचा मुळात तिटकारा.

बरं, आता तुझ्या तक्रारी. चटाचटा उरकतो. मास्तर नाव घे म्हणतोय तर घे की. नाव घ्यायला लाजाय तू काय त्येची बायको हायस? दुसरं, वर्गातल्या एका पोरानं ‘कसा हायस’ म्हणून इचारलं, ऐकायला थांबला न्हाय, तवा तू सांगतसांगत त्येच्या मागनं मोटारीपातूर गेलास आन् त्यो भिऊन आत बसून काच वर करून बसला. कृष्णाता, कुणीबी भिईल. तिथली रीत इचारून निघून जायची असंल तर तूबी इचार आन् नीघ. (हितं आपल्या गावात उलटं हाय. इचारत कुणी न्हाय, पण सांगितल्याबिगर सोडत न्हाईत.) तिसरं, खोलीतल्या जोडीदारानं तुझ्या परसाकडच्या तांब्यातनं दूध पिलं आन् तू त्येला काय बोलला न्हाईस. लई बरं केलंस. सांगून त्येचं काय भलं हुणार हुतं? नवा तांब्या घे आन् ह्यो त्येलाच देऊन टाक. सांजच्या साडेचारला अंधार पडतोय तर दिवा लाव. पाव आन् केळी खाऊन कट्टाळलास तर चुलीवर पातेलं ठिवून पिठलं ढवळ, तू निघताना आई दाखवत हुती तवा तू बूट पुसत बसलातास. चार दिवस मराठी बोललो न्हाय म्हणतोस. मोठ्यानं शिव्या दे. जोडीदाराला मराठी कळत न्हाय न्हवं? मग भितोस कुणाला?

राह्यलं शेवटचं. जानेवारीत परत येतो म्हणतोस. ह्ये वाचल्यापासनं मी दोन दिवस नीट जेवलो न्हाय (वैनीला म्हणलं, दाढ दुखती), तवा जे सांगतो ते ऐक, आन् ह्ये तूबी एकट्यानं वाच. मी बारा वर्सांचा असताना तुझ्या आज्यानं मला कोल्हापूरला बोर्डिंगात घातलतं. पंचवीस मैल. मला तीच अमेरिका. तिथं मास्तर म्हणायचा शुद्ध बोल, तवा मी बोलायचंच सोडलं. पोरं माझ्या पटक्याला हसायची. रात्रीचं कुत्रं भुंकलं तरी वाटायचं आपल्या गल्लीतलं हाय. अकराव्या दिवशी चालत घरी आलो. तुझ्या आज्यानं माझ्या हातात बैलाचा कासरा दिला. सगळ्या घराला बरं वाटलं, मलाबी वाटलं. चाळीस वर्सं झाली. सातवी नापास म्हणून सांगत फिरतोय, पण खरं म्हंजी मी परीक्षेलाच बसलो न्हाय. त्या दिवशी आज्यानं मला कानाला धरून परत का धाडला न्हाय, ह्येचा मला अजून राग येतोय. आन् धाडला असता तरी राग आलाच असता. तवा मी तुला कानाला धरून सांगतोय, येऊ नगंस. परीक्षा दे. नापास हो, पण बसून हो. ह्यो माझा हुकूम हाय, ह्येच्यावर पत्र नगं.

तुझा चुलता,
पिराजी

ता. क. पत्र नगं म्हणलो ते चुकलं, दोन पत्रं पायजेत. एक डेअरीवर वाचायचं. त्यात मी सांगितलेलं सगळं लिव: एक्केचाळिसांत पयला, मास्तरची दोस्ती, पान. मास्तरीण अंगानं दांडगी हाय असं मी सांगून बसलोय, तवा माप घेताना दोरा जरा सैल धर. दुसरं पत्र खरंखुरं, माझ्या नावानं, आन् एकट्यानं वाचा हे बाहीर लिव, लाल शाईनं. वैनीला ह्यातलं काय कळता कामा न्हाय.

ता. क. २. वरचं रद्द. पाकीट चिकटवाय भाताची शितं आणाय चुलीकडं गेलो तर तुझी आई भाकरी थापत हुती. मान वर न करता म्हणली, “भावजी, त्ये पत्र आणा आन् नीट वाचा. चंद्रीचं इचारल्याबिगर माझ्या लेकाचं पत्र सरत न्हाय. डेअरीवर कुणाचं वाचलासा?” आता काय सांगतोस! दोन्ही तुकडं जुळवून धरलं आन् पयल्या वळीपासनं वाचलं, एकट्यानं वाचा सकट. एक्केचाळीसला तिनं भाकरी पलटली. हीटरच्या वळीला उठली, गोठ्यात जाऊन आली, परत बसली. आन् मोटारीच्या मागनं गेलास तिथं जी हसाय लागली ती तव्यावरची भाकरी करपली. परत वाचाय लावलं. परत हसली. मग पदरानं डोळं पुसून म्हणली, “हां. ह्यो माझा कृष्णात. डेअरीवर वाचलासा त्यो कोण हुता कुणास ठाऊक, मला तर त्येची भीतीच वाटाय लागलती.”

ता. क. ३. सत्कार पुढं ढकललाय. वैनीनं बाळासोला सांगितलं, ह्या थंडीला जुनी शाल हाय, म्होरल्या थंडीत बघू. माझा हुकूमबी तिनं मोडला. तुला सांगाय सांगितलंय, यायचं असंल तर ये, घर तुझं हाय. (आलास तर मी एकटाच फाट्यावर यष्टीला येतो, हलगी न्हाय, बाळासोलाबी कळवत न्हाय.) पण निघायच्या आधी मास्तराच्या दारात जायचं, त्येला त्येच्या नावानं हाक मारायची, आन् मास्तरणीच्या हाताचं माप घ्यायचं. त्येनं जेवाय बोलवलतं आन् तू गेला न्हाईस, ते वैनीला एक्केचाळीसपरास जास्त लागलंय. दोरा सोबत हाय. गाठ मारल्याबिगर परत आणू नगंस.